सत्तावीस श्वास

डॉक्टर फाटकांनी चंदनाचा जबडा टेबलावर ठेवला.

पांढऱ्या प्लॅस्टरचा होता. वरचा एक तुकडा, खालचा एक. मागच्या खेपेला तिच्या तोंडात गुलाबी लगदा भरून घेतलेल्या ठशावरून केलेला. अकरा वर्षांची माझी मुलगी खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती आणि स्वतःचेच दात समोर बघून तिला हसू आवरत नव्हतं.

"तुम्ही दात पुढे आलेत म्हणून आलात," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवून आम्हाला बाजूनं दाखवले. "पण दात पुढे नाहीत. हनुवटी मागे आहे. जीभ या हनुवटीलाच धरलेली असते. हनुवटी मागे राहिली की जीभही मागे. ही झोपली की जीभ घशाकडे सरकते आणि श्वासाची वाट बारीक होते. घोरते का?"

आमचे हे म्हणाले, घोरते थोडी, आमच्या घराण्यातच आहे ते.

"घोरता घोरता मध्येच गप्प होते का?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही, त्यामुळे डॉक्टरांना पुढे वाकावं लागलं. मी म्हटलं, होते. किती वेळ, विचारल्यावर मी पटकन म्हणून गेले, "एका णमोकाराइतकी."

डॉक्टरांना ते कळलं नाही. कसं कळावं? आम्ही जैन. रोजच्या सामायिकात, म्हणजे ध्यानाच्या बैठकीत, आम्ही अंग अगदी स्थिर ठेवून कायोत्सर्ग करतो, तेव्हा णमोकार मंत्र नऊ वेळा मनात म्हणायचा असतो, आणि तोही श्वासावर. एका मंत्राला तीन श्वास, नऊ मंत्रांना सत्तावीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी मी अशी बसलेली असताना चंदना शेजारीच गार फरशीवर झोपलेली असायची. एक दिवस माझ्या लक्षात आलं की माझा अख्खा मंत्र संपला, तिची छाती वरखाली होत होती, पण नाकातोंडातून वारा नव्हता. मग एकदम आचका देऊन तिनं श्वास घेतला, कूस बदलली, आणि पुन्हा तेच. तेव्हापासून मी रोज मोजत होते.

"माझे तीन श्वास होतात, तोवर तिचा एकही होत नाही," मी सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

चंदनाच्या टॉन्सिल्स सातव्या वर्षीच काढल्या होत्या, त्यामुळे तो मार्ग संपलेला होता. डॉक्टरांनी मिरजेतल्याच एका दवाखान्यात तिच्या झोपेची तपासणी करून घेतली, अंगाला वायरी लावून. कागद आला त्यात मी मोजलेलंच आकड्यांत लिहिलं होतं. मग ते आम्हाला समजावून सांगायला बसले. दात काय, विसाव्या वर्षीही सरळ करता येतील. हाडाचं तसं नसतं. वाढतंय तोवरच त्याला पुढे आणता येतं, आणि मुलींचं हाड बारा-तेराला झपाट्यानं वाढून थांबतं. प्लेटनं सगळंच सुटेल असं ते म्हणाले नाहीत. "पण हिच्या श्वासासाठी या वयात करण्यासारखं हे आहे," एवढं म्हणाले. "एक वर्ष. जास्तीत जास्त दीड."

प्लेट म्हणजे गुलाबी प्लॅस्टिकचे दोन ठोकळे, एक वरच्या दातांना, एक खालच्या, कडेनं तारा. तोंड मिटलं की ते एकमेकांवर असे बसायचे की खालचा जबडा आपोआप पुढे यायचा. दिवसरात्र घालायची. जेवतानासुद्धा. दात घासण्यापुरती काढायची, थंड पाण्यानं धुवायची, कधी काढून ठेवावी लागली तर थंड पाण्यातच ठेवायची.

"हे बघणार कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

पहिले पंधरा दिवस घरात करमणूकच होती. चंदनाला 'स' म्हणता येईना. हे हायस्कुलात गणित शिकवायचे, स्वभावानं तापट, पण त्या दिवसांत रोज संध्याकाळी तिला समोर बसवून म्हणायचे, "म्हण बघू, सव्वासहाशे सासवा." ती लाळ गाळत 'थव्वाथाशे' म्हणायची आणि दोघं खिदळायचे. जेवताना आधी रडली, मग शिकली. दोन महिन्यांत तिचं तोंड मिटून राहायला लागलं. मी तिला मिटल्या तोंडानं झोपलेली त्याआधी कधी पाहिलीच नव्हती. रविवारी दुपारी माझ्या बैठकीत ते अंतर अर्ध्या मंत्रावर आलं, मग पहिल्या पदापर्यंत आलं. एक दिवस नऊच्या नऊ मंत्र झाले आणि तिचा श्वास कुठेही तुटला नाही. शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला की चंदना हल्ली दुसऱ्या तासाला झोपत नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एक आर्यिका माताजी, आमच्या साध्वी, आल्या होत्या. त्यांच्यापुढे बसून मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, मला एक नियम द्या. मुलीचा श्वास मोकळा झालाय, माझ्याकडून काहीतरी व्हायला हवं. माताजी म्हणाल्या, "झेपेल तेवढाच घे. आणि आपल्यापुरता घे."

माझे नियम तसे लग्नापासूनचे होते. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही. अष्टमीला आणि चतुर्दशीला घरात हिरवी भाजी शिजत नाही, आणि त्या दोन तिथींना दुपारी बारापर्यंत माझं मौन. कुणी बोलायला आलं तर मी डोळे मिटून ओठांवर बोट ठेवते, की माणसं समजतात. पाण्याचं म्हणाल तर मी स्वतः गाळून उकळलेलंच पीत होते. कच्च्या पाण्याच्या थेंबात किती जीव असतात हे आम्हाला लहानपणीच शिकवतात. मी नवा नियम घेतला तो असा, की यापुढे माझ्या हातून घरातल्या कुणाच्याच तोंडी कच्चं पाणी जायचं नाही.

आपल्यापुरता घे, हे माताजींचं वाक्य माझ्या कानावरून गेलं. यांच्या मात्र लगेच लक्षात आलं. नळाखालचा माठ हलवलेला बघून ते म्हणाले, "तुझे नियम तुझ्यापाशी ठेव. उद्या यापायी पोरीचं काही झालं, तर घरातले तुझे सगळे नियम एकदम बंद करीन. सांगून ठेवतो."

मी मनाशी म्हटलं, पाणी उकळून पिऊन कुणाचं काही होतं का?

तोवर चंदना प्लेट आपली आपण नळाखाली धुवायची. आता मी म्हटलं, आण इकडे. थंड पाणी म्हणजे नळाचं, कच्चंच पाणी; उकळून निवलेलं प्यायलाच जेमतेम पुरायचं. डॉक्टर थंड म्हणाले ते सोयीसाठी असेल, सगळ्यांच्या घरी नळ असतो म्हणून, असं मी धरून चालले. सकाळी आधण उतरवलं की वाफा निघणाऱ्या पाण्यात मी सांडशीनं धरून प्लेट बुडवायची, वर काढायची, पुन्हा बुडवायची. संध्याकाळी तसंच. फार स्वच्छ वाटायचं मला. ताटातलं उष्टं, लाळ, सगळं निघून प्लेट चकचकीत व्हायची.

तीन-एक आठवड्यांनी चंदना म्हणाली, "आई, ही नीट बसत नाही. टोचतेय."

मी म्हटलं, टोचणारच थोडी. दोन दिवसांनी पुन्हा म्हणाली. मी तोंडात बघितलं तर टाळूला लाल वळ होता. त्यावर तूप लावलं आणि सांगितलं, सोसायला शीक, आपण उपवास करतो तेव्हा भूक लागत नाही का? ती दोन्ही अंगठ्यांनी दाबून दाबून प्लेट बसवायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण बसवायची. पुढे पुढे मी समोर असले तेवढीच घालू लागली. एकदा तिच्या कंपासपेटीत प्लेट सापडली, रुमालात गुंडाळलेली. मी ओरडले नाही, मी कधीच ओरडत नाही. फक्त म्हटलं, "चंदना, मी तुझ्यासाठी नियम घेतलाय." ती रुमाल सोडवून प्लेट घालायला लागली. रविवारी दुपारी मंत्राचं अर्धं पद, मग पूर्ण पद, असं ते अंतर परत यायला लागलं होतं. मी म्हटलं, घालत नाही ना, म्हणून.

पुढची तपासणी माघातली. सकाळी लवकरची गाडी होती. मी पाचलाच उठून स्वयंपाक केला, यांचा आणि चंदनाचा डबा भरला, कारण दोघांना तिथूनच शाळेत जायचं होतं. जयसिंगपूरच्या स्टँडवर गाडीला उशीर झाला. मिरजेत पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. चंदनाला सकाळी धड खाता आलं नव्हतं, म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं डब्यातली अर्धी पोळी-भाजी खाल्ली.

आत गेल्यावर डॉक्टरांनी प्लेट काढायला सांगितली. तारेत अडकलेलं पान चिमट्यानं काढत ते म्हणाले, "मेथी का? छान. खायची." मग त्यांनी कपाटातून तो प्लॅस्टरचा जबडा काढला आणि प्लेट त्याच्यावर ठेवली.

ती बसेना. एका बाजूनं दाबली की दुसरी बाजू उचलायची. टक्. परत दाबली. टक्. डॉक्टरांनी ती उजेडात धरली, फिरवून फिरवून बघितली.

"ही वाकलीय," ते म्हणाले. "प्लॅस्टिक असं आपोआप वाकत नाही. कुणीतरी गरम पाण्यात घातलीय. एकदा नाही, बऱ्याचदा."

मला त्या क्षणी कळलं. त्याआधी खरंच कळलेलं नव्हतं. आधण, सांडशी, वाफ, आणि चंदनाच्या टाळूवरचा वळ.

"गरम पाण्यात?" यांचा आवाज चढला. "कोण घालणार गरम पाण्यात?"

"बाई, घरी धुतं कोण ही?" डॉक्टरांनी मला विचारलं. चिडून नाही, सरळ विचारलं.

मी डोळे मिटले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"मौन आहे हिचं," हे वैतागून म्हणाले. "असतं मधूनमधून. तुम्ही या पोरीला विचारा. चंदना, बोल."

मिटल्या डोळ्यांनी मला खोलीतलं सगळं ऐकू येत होतं. पंखा नव्हता. बाहेर कुणीतरी चप्पल काढत होतं. चंदना किती वेळ गप्प होती हे मी मोजलं नाही, एरवी मी सगळं मोजते.

"मी घातली," ती म्हणाली.

"का?"

"मला नको होती. दुखते. म्हणून मी गरम पाण्यात घातली."

"मुद्दाम?"

"हो."

यांनी हात उगारला असावा, कारण डॉक्टर म्हणाले, अहो मगदूम सर, इथं नाही. मग हे परत बसल्याचा खुर्चीचा आवाज आला. शेवटी डॉक्टर म्हणाले की नवी प्लेट आठ दिवसांत करून देता येईल, त्याचं काही नाही. पण ही गोष्ट मुलाच्या मनावर चालते. बावीस-तेवीस तास तोंडात ठेवायची वस्तू कुणी जबरदस्तीनं ठेवू शकत नाही. ज्या मुलीनं एक मुद्दाम मोडली ती दुसरीही मोडील. "तिची तयारी झाली की घेऊन या. मात्र फार थांबू नका. वर्षभरानं आलात तर हाड माझं ऐकणार नाही."

"तयारी कसली," हे उठत म्हणाले. "मला वर्गात साठ पोरं आहेत ऐकायला. जिला स्वतःच्या श्वासाची पर्वा नाही तिच्यासाठी मी मिरजेला खेपा घालणार नाही. राहू दे तशीच."

मी डोळे उघडले तेव्हा चंदना माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. वाट बघतात तसं.

परतीच्या गाडीत दोघं पुढच्या सीटवर होते, मी मागे. हे खिडकीबाहेर बघत होते. चंदना मात्र सारखी त्यांच्या मनगटाकडे बघत होती. घड्याळाकडे. मला वाटलं, शाळेचा कितवा तास चुकला ते बघते आहे. उदगावच्या पुलावर तिनं एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग पुढे बघत बसली, आणि थोड्या वेळानं झोपली. उघड्या तोंडानं.

मी सांगणार होते. त्या संध्याकाळी सांगणार होते, पण हे जेवले नाहीत. मग म्हटलं, यांचा राग उतरू दे. मग परीक्षा आल्या. मग चातुर्मास आला. श्रावणात चंदनाला पाळी सुरू झाली. तिला कोपऱ्यातलं अंथरूण घालून देताना डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात होतं, आणि तरी मी म्हटलं, अजून थोडे दिवस आहेत. ते दिवस कधी संपले ते मला माहीत आहे. तिच्या फ्रॉकची उंची वाढायची थांबली तेव्हा.

यांनी तिला 'झोपाळू' हे नावच पाडलं. दहावीच्या भूमितीच्या पेपरात ती बाकावर डोकं ठेवून झोपली आणि पर्यवेक्षकांनी उठवलं तेव्हा अर्धा तास उरला होता. गणिताच्या मास्तरांची मुलगी गणितात नापास झाली. हे गावात मान वर करून चालेनात. घरी आल्यावर तिला म्हणाले, "तेव्हा प्लेट मोडलीस, आता माझं नाक कापलंस." चंदना 'चुकलं अण्णा' म्हणाली. मी स्वयंपाकघरात होते. आधण ठेवलेलं होतं.

हे जाऊन चार वर्षं झाली. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

चंदना आता चौतीस वर्षांची आहे, इचलकरंजीला असते. झोपताना नाकावर मास्क लावते. त्याची नळी एका लहान मशीनला जोडलेली असते आणि ते मशीन रात्रभर तिच्या घशात हवा ढकलतं. त्याशिवाय झोपायचं नाही असं तिला सांगितलेलं आहे. रक्तदाबाची गोळी तिशीतच सुरू झाली. जबडा कापून पुढे आणायचं ऑपरेशन असतं म्हणे, पण आता नको म्हणाली.

मागच्या महिन्यात ती तिच्या मुलीला, ईर्याला, घेऊन आली. ईर्या दहा वर्षांची. हनुवटी आईचीच. तिला नुकतीच प्लेट बसवलीय, आता पारदर्शक मिळते, पण घाट तोच. जेवण झाल्यावर ईर्यानं प्लेट काढून हातावर ठेवली आणि मी सवयीनं हात पुढे केला.

चंदनानं ती आधी उचलली.

"राहू दे आई," ती म्हणाली. "तुझा नियम आहे."

ती मोरीत गेली, नळ सोडला आणि प्लेट धारेखाली धरली. मी दारात उभी होते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की मी खोटं बोलले नाही. सत्याचं व्रत माझं मोडलं नाही. मी बोललेच नव्हते. पण तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "चंदना, त्या दिवशी दवाखान्यात..."

"त्या दिवशी मेथी होती, आई," ती म्हणाली.

तिनं नळ बंद केला नाही. पाण्याकडेच बघत होती.

"डब्यात मेथी होती. अष्टमी नव्हती, चतुर्दशी नव्हती. मला माहीत होतं. तरी मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल. आई कशी चुकेल? आज मौन असेलच, आणि मौन तर बाराला सुटतं. मग मी अण्णांचं घड्याळ बघत बसले."

तिनंच पुढे सांगितलं.

"बारा वाजून गेले तेव्हा आपण उदगावच्या पुलावर होतो."

मग तिनं प्लेट झटकली, वाटीत थंड पाणी घेतलं आणि त्यात ठेवली. ईर्याला हाक मारून म्हणाली की घाल गं लगेच, वाळवायची नाही. मला म्हणाली, "जरा पडते मी. गाडी चालवून आलेय."

ती आतल्या खोलीत मशीन लावून झोपली. माझी दुपारच्या सामायिकाची वेळ झाली होती. आसन घालून मी बसले. दिवसभरातल्या दोषांची आलोचना करताना आम्ही एकेक दोष आठवतो आणि त्यासाठी कायोत्सर्ग करतो. मुंगी पायाखाली आली, नऊ णमोकार. पाणी गाळायचं राहिलं, नऊ णमोकार. सत्तावीस श्वास. त्या दिवसानंतरही तेवीस वर्षं मी रोज बसते. प्रत्येक मुंगीचे सत्तावीस श्वास मी दिलेले आहेत.

दाराआडून मशीनचा आवाज येत होता, एकसारखा. मी अंग स्थिर केलं, डोळे मिटले आणि पहिला मंत्र सुरू केला. आत श्वास गेला, बाहेर आला. तो माझा नव्हता. मी तिचे मोजत होते.